थरथर म्हणजे चोचले नव्हेत

बंगळुरूत घरी रेसिंग सिम्युलेटर बांधणाऱ्या मंडळींकडे नवा माणूस सल्ला मागायला गेला की उत्तर ठरलेलं असतं. आधी डायरेक्ट ड्राइव्हचं स्टिअरिंग घे. मग लोड सेलची पेडल्स घे. मग ॲल्युमिनियम प्रोफाइलची भक्कम रिग बांध. आणि सीट-पेडल थरथरवणाऱ्या मोटरी, शेकर वगैरे? ते सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. ते चोचले आहेत, घरी पाहुणे आले की दाखवायला बरे. हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की नवखा मान डोलावतो आणि पुढची दोन वर्षं स्टिअरिंगसाठी पैसे साठवत बसतो. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. त्यामागे तीन-चार गैरसमज आहेत आणि ते एकेक करून तपासायला हवेत.

या छंदाबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. घरचा सिम्युलेटर म्हणजे संगणक, समोर एक किंवा तीन पडदे, आणि चौकटीवर, म्हणजे रिगवर, आवळलेलं सीट, स्टिअरिंग व पेडल्स. असेटो कोर्सा किंवा आयरेसिंगसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक चाकावर किती भार आहे, कुठला टायर किती घसरतोय, सस्पेन्शन किती दबलंय याचं गणित सेकंदाला शेकडो वेळा मांडत असतं. त्यातला एक तुकडा स्टिअरिंगमधली मोटर हातापर्यंत पोचवते; डायरेक्ट ड्राइव्हमध्ये स्टिअरिंग थेट या मोटरीच्या आसावर बसवलेलं असतं. बाकीचं गणित संगणकातच राहतं. त्याला वाट करून देण्याचे दोन स्वस्त मार्ग आहेत. पहिला, गेमपॅडच्या मुठीत असते तशी, आसावर एका बाजूला वजन लावलेली छोटी मोटर पेडलच्या पाठीवर बसवणं. दुसरा, बास शेकर. हा खरं तर शंकू नसलेला स्पीकरच, पण हवेऐवजी सीटचा सांगाडा हलवतो. डेटन ऑडिओचा टीटी२५ हा त्यातला सगळ्यात परिचित. तो तळहातावर मावतो, २० ते ८० हर्ट्झमध्ये काम करतो आणि ४० हर्ट्झच्या आसपास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. दोन्हींना हुकूम सोडतं सिमहब हे सॉफ्टवेअर. त्यातला शेकइट नावाचा भाग गेममधली माहिती वाचतो आणि कुठल्या घटनेला कुठली मोटर किती हलवायची हे आपल्याला ठरवू देतो.

पहिला आक्षेप असा, की चांगलं स्टिअरिंग असेल तर हातालाच सगळं कळतं. हे अर्धसत्य आहे. स्टिअरिंगमध्ये येणारं बळ पुढच्या चाकांवरून, स्टिअरिंग रॅकच्या वाटेने येतं. मागची चाकं त्या रॅकला जोडलेलीच नसतात. मागचा टायर सुटायला लागला की त्याची बातमी रॅकपर्यंत पोचते ती गाडीचं शेपूट फिरायला लागल्यावर. खऱ्या गाडीत ती बातमी त्याआधी बुडाला आणि पाठीला लागलेली असते. घरच्या रिगवर सीट मुकं असतं. म्हणजे ४० हजार रुपये मोजून आणलेलं डायरेक्ट ड्राइव्हही मागच्या चाकांची खबर उशिराच देणार. जास्त स्वच्छ देईल, जास्त जोरात देईल, पण उशिराच.

लोड सेलची गोष्ट तर आणखी सरळ आहे. लोड सेल पायाचा दाब मोजतो. तो तुमच्याकडून गाडीकडे जाणारा निरोप झाला. गाडीकडून तुमच्या पायाकडे काय येतं? काहीही येत नाही. बुद्ध सर्किटचं उदाहरण घ्या. तिथल्या एक किलोमीटरहून लांब सरळ रस्त्याच्या शेवटी चौथ्या वळणासाठी ब्रेकवर पाय आदळावा लागतो. वळायला सुरुवात केली की आतल्या बाजूच्या पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि ते चाक आधी अडकतं. पायाला काही कळत नाही. कानाला टायरची किंकाळी ऐकू यायला हवी, पण ती इंजिनाच्या गदारोळात बुडते. डोळ्यांना कळतं तेव्हा गाडी वळायचं नाकारून सरळ चाललेली असते. याच पेडलच्या पाठीला एक छोटी मोटर असेल तर चवड्याखाली बारीक खरखर सुरू होते. पाय केसभर सैल केला की थांबते, दाबला की पुन्हा उठते. ती खरखर सुरू होण्याच्या उंबरठ्यावर पाय तोलून धरायचा, एवढंच तर शिकायचं असतं. लोड सेल हा तोल राखायला मदत करतो, हे खरं. पण उंबरठा कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही. ते काम काही शे रुपयांची मोटर करते.

गंमत म्हणजे हाच सल्ला देणारी मंडळी हेण्णूर-बागलूर रस्त्यावरच्या मेको कार्टोपियात कार्ट चालवायला गेली की नेमकं उलटं बोलतात. कार्टमध्ये सस्पेन्शन नसतं. फायबरग्लासचं उघडं सीट थेट चॅसिसला आवळलेलं असतं आणि प्रत्येक खडा मणक्याला कळतो. ‘गाडी बुडाने चालवायला कार्ट शिकवतं’ हे तिथे सगळ्यांना मान्य असतं. याच शहरातले अर्जुन आणि कुश मैनी हे भाऊ कार्टमधूनच वर आले. २०२५ मध्ये मोनॅकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकणारा कुश आणि डीटीएम या शर्यतींच्या मालिकेत धावलेला अर्जुन यांच्यासारख्यांची पायाभरणी कार्टच्या सीटवर होते, असं कौतुकाने सांगितलं जातं. मग तीच मंडळी घरी येऊन सीटची जीभ कापलेली रिग आदर्श कशी मानतात, हे कोडं मला उलगडलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त तुच्छतेने घेतला जातो. म्हणे, थरथर ही गेम खेळणाऱ्या पोरांची करमणूक आहे, गंभीर माणसाला तिची गरज नाही. कुणीतरी ‘थरथर हवी तर आउटर रिंग रोडवर स्कूटर घेऊन जा’ असा विनोदही करतो आणि सगळे हसतात. या विनोदाचं उत्तर रस्त्यावरच आहे. पुणे-बंगळुरू महामार्गावर टोलनाका जवळ आला की डांबरावर आडवे जाड पट्टे लागतात आणि गाडी धडधडते. ते पट्टे करमणुकीसाठी आखलेले नाहीत. डुलकी लागलेल्या किंवा मोबाइलकडे बघणाऱ्या ड्रायव्हरला फलक दिसणार नाही, पण सीटची धडधड चुकवता येणार नाही, असा त्यामागचा विचार आहे. २००४ मध्ये सित्रोएनने सी४ या गाडीत लेन सुटल्याची सूचना देणारी यंत्रणा आणली, तेव्हा तिने दिवा किंवा भोंगा न वापरता सीट वापरलं. डावीकडची रेघ ओलांडली की सीटची डावी बाजू थरथरायची, उजवीकडची ओलांडली की उजवी. घरच्या रिगवर दोन शेकर डाव्या-उजव्या मांडीखाली बसवणारा माणूस दुसरं काय करतो?

विमानांचा दाखला तर याहून बोलका आहे, आणि विमानं बांधणाऱ्या एचएएलच्या शहरात तो द्यायला काही हरकत नसावी. बोइंग ७३७ सारख्या प्रवासी विमानात वेग कमी होऊन विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल हरपण्याच्या, जवळ गेलं की वैमानिकाच्या हातातला कंट्रोल कॉलम जोरात थरथरतो. तो थरथरवणारं यंत्र म्हणजे एका बाजूला वजन लावलेली विजेची मोटरच. आकाराने मोठी आणि कडक तपासण्यांतून गेलेली, पण तत्त्व तेच, जे आपल्या पेडलमागच्या मोटरीचं. शेकडो प्रवाशांचा जीव ज्या संकेतावर सोपवला जातो, तो मांडीवर आला की एकदम पोरकट कसा ठरतो?

गेमिंगच्या इतिहासातही या तुच्छतेचा निकाल लागून गेला आहे. सेगाने १९७६ मध्येच आर्केडमधल्या मोटरसायकलच्या खेळात टक्कर झाली की हँडल थरथरवायला सुरुवात केली होती. पुढे २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर कंपनाशिवाय बाजारात आणला. त्या वेळी कंपनाच्या पेटंटवरून इमर्शन या कंपनीशी सोनीचा खटला चालू होता आणि सोनीचे वरिष्ठ अधिकारी फिल हॅरिसन यांनी कंपन ही मागच्या पिढीची गोष्ट असल्याचं सांगितलं. २००७ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी सोनीने कंपन असलेला ड्युअलशॉक ३ आणला. द्राक्षं आंबट होती ती तडजोड होईपर्यंतच.

तिसरा आक्षेप मात्र तोलामोलाचा आहे, त्याला हसून उडवता येणार नाही. जगातले सगळ्यात वेगवान सिम रेसर अनेकदा शेकर वापरत नाहीत. काही जण तर स्टिअरिंगचं बळही कमी करून ठेवतात. मग तुम्हाला का हवं? याचं उत्तर त्यांच्या सरावात आहे. एकाच गाडीत, एकाच ट्रॅकवर आठवडेच्या आठवडे घालवणारा माणूस टायरच्या आवाजातला सूक्ष्म फरक आणि पडद्यावरच्या क्षितिजाची हालचाल वाचायला शिकलेला असतो. त्याला ती बातमी दुसऱ्या वाटेने मिळते, म्हणून जादा वाट अडगळ वाटते. बेळंदूरच्या ट्रॅफिकमधून रात्री नऊला घरी पोचून जेमतेम तासभर रिगवर बसणाऱ्या माणसाला ती वाट अजून सापडलेली नाही. तयार गवयाला तंबोऱ्याशिवायही सूर सापडतो, म्हणून नव्या शिष्यापुढचा तंबोरा कुणी उचलून नेत नाही. आणि मी असाही दावा करत नाही, की शेकर लावला की तुमची वेळ दोन सेकंदांनी कमी होईल. मी एवढंच म्हणतो, की चूक झाली त्याच क्षणी ती कुठल्या चाकाची होती हे तुम्हाला कळेल. शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

चौथा आक्षेप स्वस्ताईवर आहे. ‘घ्यायचंच तर डी-बॉक्ससारखी हलणारी यंत्रणा घ्या, स्वस्त शेकर उशिरा हलतात आणि नुसते घोंगावतात.’ डी-बॉक्स ही कॅनडातली कंपनी सीटसकट सगळी रिग हलवणारे दांडे बनवते. माल उत्तम, किंमत लाखांत. आता स्वस्त शेकरच्या उशिराचं कारण पाहू. सिमहबची मोफत आवृत्ती गेममधली माहिती सेकंदाला १० वेळाच वाचते. म्हणजे चाक अडकल्यापासून मोटरीला कळेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग जाऊ शकतो. ताशी २०० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. थोडीशी देणगी देऊन परवाना घेतला की तीच माहिती सेकंदाला ६० वेळा वाचली जाते आणि हे अंतर मीटरभरावर येतं. वजनाच्या मोटरीला फिरायला लागायचा वेळ यात जमा होतो, हे मान्य. शेकरमध्ये तो फारसा नसतो. ज्यांनी मोफत आवृत्तीवर चार दिवस बघून ‘काही कळत नाही’ असा शेरा मारला, त्यांनी शेकरची परीक्षाच घेतलेली नाही.

घोंगावण्याचं कारणही खिशात नाही, निवडीत आहे. एस. पी. रोडच्या चिंचोळ्या गाळ्यांमध्ये यूएसबीला लावायचं साउंड कार्ड मागितलं की दुकानदार ७.१ असं छापलेली एक छोटी डबी पुढे करतो. त्यातल्या बहुतेक डब्यांमधून प्रत्यक्षात दोनच चॅनल बाहेर पडतात. बाकीचे सहा हेडफोनसाठी केलेला सॉफ्टवेअरचा आभास असतो. चार कोपऱ्यांना चार शेकर लावायचे तर मागे खरोखर तीन-चार जॅक असलेलं कार्ड हवं. पण दोनच शेकर लावायचे असतील तर तीच स्वस्त डबी पुरते. तिच्यापुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ चिप असलेला ॲम्प्लिफायर बोर्ड आणि सीसीटीव्हीसाठी विकला जाणारा, जाळीदार पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्टचा वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस. एवढ्यावर ८ ओहमच्या शेकरला आठ-नऊ वॉट मिळतात आणि सीटच्या खालच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेल्या शेकरसाठी ते पुरेसे असतात. पेडलच्या मोटरीला तर साउंड कार्डही लागत नाही, आर्डुइनो हा छोटा नियंत्रक आणि मोटर चालवणारा एल२९८एन बोर्ड यांवर काम भागतं. पेडलचं काम साधारण हजार-बाराशेत आणि शेकरसह सगळा पसारा दहा हजारांच्या आत बसतो. फक्त एसएमपीएसला २३० व्होल्ट जोडताना अर्थिंग आणि फ्यूज यांवर पैसे वाचवू नका.

खरा बिघाड सुरू होतो तो सेटिंगच्या पडद्यावर, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द सुनवायचे आहेत. शेकइटमध्ये परिणामांची लांबलचक यादी असते: इंजिन, गिअर, रस्त्याचा पोत, कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे), चाक अडकणं, चाक घसरणं, टक्कर. उत्साही माणूस सगळ्यांवर टिचकी मारतो. इंजिनाचं कंपन तर हमखास. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना सेकंदाला २०० स्फोट होतात. ८० हर्ट्झच्या वर धापा टाकणारा शेकर ते दाखवू शकत नाही. तो नुसता गुरगुरत राहतो. सततच्या गुरगुरीला त्वचा काही मिनिटांत सरावते आणि त्याखाली चाक अडकल्याची बारीक खूण गाडली जाते. अशा रिगवर बसून ‘शेकर म्हणजे गोंगाट’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण तो गोंगाट त्याने स्वतः विकत घेतलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: इंजिन बंद, गिअरचा धक्का बंद. पेडलवर फक्त चाक अडकण्याची खूण ठेवा. सीटखाली मागच्या चाकांचं घसरणं डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळं आणि त्यासोबत कर्ब. उरलेला वेळ सीट गप्प असलं पाहिजे. बोलण्यासारखं काही असेल तेव्हाच बोलणाऱ्याचं लोक ऐकतात.

शेवटचा आक्षेप खास बंगळुरूचा आहे, कारण इथे रिग बहुतेक वेळा कुठल्याशा अपार्टमेंटच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीलगतच्या खोलीत असते. खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकणार, ही भीती खरी आहे. ४० हर्ट्झचं कंपन चौकटीतून फरशीत आणि फरशीतून खालच्या छतात उतरतं, त्याला दार लावून अडवता येत नाही. मात्र त्यावरचा उपायही साधा आहे. शेकर सीटला घट्ट आवळायचा, पण सीट आणि चौकट यांच्यामध्ये रबरी बुश टाकायचे, आणि चौकटीच्या पायांखाली वॉशिंग मशीनखाली घालतात त्या रबरी चकत्या ठेवायच्या. कंपन शरीरात राहतं, इमारतीत फारसं उतरत नाही. शिवाय सीट चौकटीपासून सुटल्यामुळे कमी वॉटमध्ये जास्त जाणवतं. पेडलची मोटर तर शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही. उलट ज्या लोड सेलची शिफारस आधी केली जाते, त्यावर रात्री अकरा वाजता चाळीस-पन्नास किलोंच्या दाबाने आदळणारा पाय काकांना नक्की ऐकू जातो. त्याबद्दल मात्र कुणी नवख्याला सावध करत नाही.

शेकरने जे होत नाही तेही सांगितलं पाहिजे. वळणावर शरीर बाजूला फेकणारं बळ कुठलाही शेकर देत नाही, आणि तसा दावा करणारा विक्रेता भेटला तर उठून चालू लागा. तुमची चौकटच डुगडुगत असेल किंवा ब्रेकचं पेडल गालिच्यावर घसरत असेल, तर आधी ते नीट करा. पीन्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चार ब्रॅकेट वेल्ड करून घेणं त्या वेळी जास्त शहाणपणाचं. पण चौकट घट्ट असेल, साधं गिअरवालं लॉजिटेक जी२९ किंवा तसं काही स्टिअरिंग असेल, आणि हातात पुढचे काही हजार रुपये असतील, तर ते डायरेक्ट ड्राइव्हच्या गुल्लकात टाकण्यापेक्षा ब्रेकच्या पेडलवर आणि सीटखाली खर्च केलेले बरे.

वरचा क्रम ठरवणाऱ्यांच्या मनात एक न बोललेला हिशेब असतो: जे महाग ते गंभीर, जे स्वस्त ते खेळणं. या हिशेबाने छंदाचं दार हजारो लोकांना बंद होतं. कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकसारखा एखादा ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचतो, पण त्यासाठी लागणारा खर्च सगळ्यांच्या आवाक्यातला नाही. घरच्या सिम्युलेटरचं मोठेपण हे, की ट्रॅकवर न पोचणाऱ्यालाही गाडीची हद्द ओळखायला शिकता येतं. २०१४ मध्ये निस्सानच्या जीटी अकॅडमीत भारताचाही समावेश झाला, तेव्हा घरी प्लेस्टेशनवर खेळणाऱ्यांसाठी खऱ्या शर्यतीचं दार किलकिलं झालं होतं. आरव्ही कॉलेजची अश्वा रेसिंगसारखी विद्यार्थ्यांची टीम स्वतः शर्यतीची गाडी बांधते. अशा वातावरणातल्या मुलाला आर्डुइनोला दोन तारा जोडणं जड नाही. त्याला जड आहे ते ४० हजारांची वाट बघणं.

म्हणून या शहरातल्या अनुभवी सिम रेसरांना एक विनंती. पुढचा नवखा सल्ला मागायला आला की महागड्या वस्तूंची यादी त्याच्या हातात देण्याआधी त्याला आपल्या रिगवर बसवा. स्टिअरिंगचं बळ निम्म्यावर आणा, ब्रेकच्या मागची मोटर चालू करा आणि त्याला दहा मिनिटं ब्रेक मारू द्या. पैसे कुठे घालायचे हे त्यानंतर त्याचं त्याला ठरवू द्या.